डिझेलचा दाब कोठे हरवतो?

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



दरवर्षी या व्यासपीठावरून विद्वानांची व्याख्याने होतात. यंदा कार्यकारी मंडळाने एका पंप-दुरुस्ती करणाऱ्याला उभे केले आहे, तेव्हा श्रोत्यांनी आपली अपेक्षा आधीच आवरलेली बरी. मी १९८४ साली औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून बाहेर पडलो आणि नाशिकला डिझेल पंपाच्या टेबलावर कामास लागलो. तेव्हापासून हाताचा डिझेलचा वास काही गेलेला नाही. घरची मंडळी आता त्याबद्दल तक्रारही करीत नाहीत.

विषय मी स्वतः मागून घेतला. आपल्या ज्ञातीतील कितीतरी कुटुंबांचे पोट आज एका डिझेल गाडीवर चालते. कोणाचा पिकअप आहे, कोणाची प्रवासी जीप आहे, कोणी कर्ज काढून टेंपो घेतला आहे. गाडी चालते तोवर घरातील कोणी तिच्या पोटात काय आहे ते विचारीत नाही. ती घाटात दम टाकू लागली की मग कोणीतरी सांगतो, “पंप गेला”. दुसरा सांगतो, “चारही इंजेक्टर बदला”. आणि त्या एका वाक्यासरशी वर्षभराची शिल्लक उडून जाते. भगिनींनी हा विषय पुरुषांचा म्हणून दुर्लक्षू नये. ते बिल अखेरीस कोठून भागते हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक नाही.

डिझेल इंजिनास ठिणगी लागत नाही. हवा इतकी दाबावयाची की ती तापून लाल व्हावी आणि तीत डिझेलचा बारीक फवारा सोडला की त्याने स्वतःच पेट घ्यावा, ही रुडॉल्फ डिझेल यांची कल्पना. त्यांचे इंजिन १८९७ साली जर्मनीत आउग्सबुर्ग येथे यशस्वी ठरले. परंतु ते अवजड धूड मोटारीत बसेना, कारण फवारा मारण्यासाठी हवेचा वेगळा कॉम्प्रेसर जोडावा लागे. बॉश यांनी १९२७ मध्ये डिझेलचा लहान पंप कारखान्यात मोठ्या प्रमाणावर तयार करण्यास आरंभ केला आणि डिझेल रस्त्यावर आले. आपल्याकडे १९५१ साली मायको कंपनी निघाली. तिच्या नावाचा पगडा इतका की, आजही आमचे जुने गिऱ्हाईक कोणत्याही पंपास ‘मायको’च म्हणते.

त्या जुन्या पंपाची रीत सरळ होती. प्रत्येक सिलिंडरला एक दट्ट्या, एक पाइप, एक नोझल. दट्ट्या दाबला की पाइपात दाब चढावयाचा, साधारण दोनशे बारच्या आसपास नोझलचे तोंड उघडावयाचे, फवारा पडावयाचा आणि दाब पुन्हा ओसरावयाचा. एक बार म्हणजे स्थूलमानाने आपल्या भोवतालच्या हवेचा दाब. मोटारीच्या चाकात दोन-सव्वादोन बार हवा असते. त्या मानाने दोनशे म्हणजे पुष्कळच. तरीही आम्ही पोरे चालू इंजिनावर पाइपाचा नट सैल करून कोणता सिलिंडर मिसिंग करतो ते पाहात असू. हात डिझेलने भिजे, एवढेच.

१९९७ साली इटलीच्या अल्फा रोमिओ १५६ या मोटारीत एक नवी रचना आली. तीस कॉमन रेल म्हणतात. भारतातही ती हळूहळू सर्वत्र पसरली आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा हे धुराचे निर्बंध लागू झाल्यावर नव्या गाडीत जुना पंप पाहावयास मिळणे दुर्मीळ झाले. या रचनेत मोठा पंप एका जाड पोलादी नळीत, म्हणजे रेलमध्ये, डिझेल कोंबून ठेवतो. दाब तेथे कायम असतो. इंजेक्टर कधी व किती वेळ उघडावयाचा हे संगणक ठरवितो. गाडी जागच्या जागी सावकाश चालू असताना रेलमध्ये अडीचशे ते साडेतीनशे बार, आणि भार घेऊन चढ चढताना अनेक गाड्यांत सोळाशे बारच्या वर. सोळाशे बार म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर चार धिप्पाड बैलांचे वजन. हे चित्र आपण ध्यानात ठेवावे, कारण पुढे एका बोटाची हकीकत सांगावयाची आहे.

परंतु आधी माझ्या स्वतःच्या चुकीची हकीकत सांगतो. तीच सांगावयास मी आज उभा आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

२०१९ च्या डिसेंबरातील गोष्ट. त्या वर्षी कांदा शहरांत शंभर रुपये किलोच्या वर गेला होता, हे आपणांस आठवत असेल. माझे एक मावसभाऊ सिन्नर तालुक्यातून पुण्याच्या मार्केट यार्डात कांदा नेत असत. संगमनेर सोडले की चंदनापुरीचा घाट लागतो. सपाटीवर गाडी उत्तम. घाटात भार आला की समोर इंजिनाचा पिवळा दिवा लागे आणि गाडी बैलगाडीच्या चालीने चालू लागे. बाजूला थांबवून चावी बंद करून पुन्हा सुरू केली की दोन-तीन किलोमीटर ठीक, मग पुन्हा तेच. त्यांनी एका ठिकाणी स्कॅनर लावून घेतला. त्यावर ‘पी ००८७’ असा अंक आला. रेलमधील दाब अपेक्षेपेक्षा कमी आहे, एवढाच त्याचा अर्थ. भाऊंनी मला रात्री फोन केला. मी जेवत होतो. मी ताटावरूनच सांगितले, “तुमचा हाय प्रेशर पंप गेला. बदलून टाका.”

ज्ञातीत माझ्या शब्दाला या विषयात थोडा मान आहे. भाऊंनी तो ठेवला. पंपाचा खर्च पन्नास हजारांच्या घरात गेला. वहिनींच्या पाटल्या सोनाराकडे गहाण पडल्या, हे मला पुढे कळले. पंप बसला, दोन फेऱ्या नीट झाल्या, आणि तिसऱ्या फेरीस त्याच घाटात त्याच वळणावर तोच दिवा लागला.

तेव्हा मी स्वतः गेलो. भरल्या गाडीत भाऊंच्या शेजारी स्कॅनर मांडीवर घेऊन बसलो. स्कॅनरवर दोन आकडे शेजारी शेजारी दिसतात: संगणक किती दाब मागतो तो, आणि प्रत्यक्ष किती आहे तो. सपाटीवर दोन्ही आकडे हातात हात घालून चालले होते. घाट लागला तसे मागणे चौदाशेवर गेले आणि प्रत्यक्ष दाब नऊशे, आठशे, सातशे असा उतरू लागला. दिवा लागला. गाडी बाजूला घेतली. मग मी टाकीकडून येणारा आणि टाकीकडे परत जाणारा असे दोन्ही पाइप सोडवून, पाच लिटरचा एक स्वच्छ डबा हौद्यात, इंजिनाच्या उष्णतेपासून दूर, घट्ट बांधला आणि पारदर्शक नळीने त्यातून डिझेल दिले. गाडीने राहिलेला घाट एका दमात चढला. मागणे चौदाशे, देणे चौदाशे.

याचा अर्थ उघड होता. पंप नवा चांगला होता, आणि, सांगावयास जीभ रेटत नाही, जुनाही चांगलाच होता. टाकी आणि फिल्टर यांच्यामध्ये रबराच्या नळीचा एक हातभर तुकडा होता. वरून पाहता ठणठणीत. चाकूने उभा चिरला तेव्हा आतला थर सुटून फुगलेला दिसला. इंजिन थोडे डिझेल मागे तोवर ते वाटेने जाई; जोराने ओढू लागले की तो थर आत ओढला जाऊन नळीचे तोंड मिटे. नव्या नळीस आणि दोन क्लिपांस तीनशे रुपयांच्या आत खर्च आला.

मी भाऊंना पंपाच्या खर्चातील अर्धी रक्कम देऊ केली. ते म्हणाले, “दादा, आपल्यात हे बरे दिसत नाही.” वहिनींनी मात्र ती घेतली, आणि त्यांनी केले तेच योग्य होते.

असो. त्या दिवसापासून मी फोनवर निदान करीत नाही. स्कॅनर सांगतो तो रोग नव्हे. ते केवळ लक्षण असते. ताप आहे असे तापमापक सांगतो, तो हिवतापाचा की विषमज्वराचा हे सांगत नाही, तद्वतच हे. दाब कमी आहे, तर प्रथम विचारावे की डिझेल पंपापर्यंत पुरेसे येते काय. येत असेल तर पंप ते कोंबतो काय. कोंबत असेल तर ते कोठून गळून जाते काय. आणि सर्वांच्या मुळाशी, दाब मोजणारा सेन्सर खरे बोलतो काय. हा क्रम मी मुद्दाम सांगतो. पहिल्या व शेवटच्या प्रश्नाचे उत्तर शे-दोनशे रुपयांत मिळते. मधल्या दोहोंचे हजारांत. आणि आपल्याकडे सर्रास मधूनच आरंभ होतो.

सेन्सरची परीक्षा सर्वांत सोपी. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर रेलमध्ये दाब उरत नाही. सकाळी इंजिन न चालविता नुसती चावी फिरवावी आणि स्कॅनरवर रेलचा आकडा पाहावा. तो शून्याच्या आसपासच असला पाहिजे. तेथे साठ, ऐंशी असा आकडा दिसला तर सेन्सर किंवा त्याची वायर खोटे बोलते आहे असे समजावे. खोट्या साक्षीवर निकाल देऊन पंपास फाशी दिल्याची उदाहरणे मी अनेक पाहिली आहेत.

डिझेल पुरेसे येते की नाही, याची खूण बहुधा गाडी स्वतःच देते. शेतकरी मंडळींना एक दृष्टांत देतो. विहिरीवरील मोटारीचा फूटवाल्व गळका असला म्हणजे रात्रभरात पाइपातील पाणी उतरून जाते आणि सकाळी मोटार नुसती घरघरते. पाणी ओतून हवा काढल्यावाचून ती पाणी उचलीत नाही. गाडीचेही तसेच. सकाळी खूप वेळ सेल्फ मारावा लागतो, पण एकदा सुरू झाली की दिवसभर कुरकुर नाही, अशी गाडी असेल तर रात्री डिझेल टाकीत उतरते आहे आणि कोठेतरी हवा शिरते आहे, असा पहिला संशय धरावा. गंमत अशी की या जागेतून डिझेल बाहेर ठिबकेलच असे नाही. ओढीच्या बाजूला गळती म्हणजे बाहेर डिझेल नव्हे, आत हवा. फिल्टरच्या पुढे वीतभर पारदर्शक नळी जोडली की बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. फिल्टर बदलताना वायसर नीट न बसणे, सैल क्लिप, तडकलेली प्लास्टिकची जोडणी, हातपंपाचे जुने रबर यांपैकीच काहीतरी निघते.

भारात दम तुटतो आणि रिकाम्या गाडीला काही होत नाही, तेथे वाट अरुंद झाली आहे असे समजावे. फिल्टर तुंबलेला असतो, टाकीतील जाळीवर गाळ बसलेला असतो, किंवा आमच्या भाऊंच्या नळीसारखे काही असते. एका गृहस्थांची जीप दर तास-सव्वातासाने बंद पडे आणि पंधरा मिनिटांनी आपोआप सुरू होई. टाकीचे झाकण उघडले तेव्हा सुस्कारा टाकावा तसा आवाज आला. हवा आत जाण्याचे भोक चिखलाने बुजले होते. डिझेल कमी होई तशी टाकीत पोकळी होऊन ती डिझेलच धरून ठेवी. सुईने भोक मोकळे केले. गृहस्थ मजुरी किती म्हणून विचारू लागले. मला सांगता येईना.

आता गळतीकडे. इंजेक्टरात डिझेलचा थोडा भाग फवारा न होता परतीच्या नळीने टाकीकडे जातो. ती गळती नव्हे, रचनाच तशी आहे. पण आतील झडप झिजली की हा परतीचा ओघ वाढतो आणि पंपाने कोंबलेले सारे मागच्या दाराने निघून जाते. याची खूण सकाळच्या नेमकी उलट. थंड गाडी चटकन सुरू होते. पण वणीच्या गडाच्या पायथ्याशी तासभर थांबून उतारू परत आले की तापलेले इंजिन सेल्फ मारून मारून सुरू होत नाही. तापलेले डिझेल पातळ होते, पातळ झाले की झिजलेल्या फटीतून अधिक निसटते, आणि इंजिन सुरू होण्यास जो किमान दाब लागतो, साधारण दीडशे ते दोनशे बार, तो चढतच नाही. अशा वेळी बॅटरी आणि सेल्फ विनाकारण बदलले जातात.

परीक्षा पुन्हा सोपी. प्रत्येक इंजेक्टरची परतीची नळी काढून तेथे पारदर्शक नळी लावावी, तिचे टोक एकेका सारख्या बाटलीत सोडावे, आणि ठराविक वेळ इंजिन चालवून किंवा सेल्फ मारून चारही बाटल्या शेजारी ठेवाव्यात. तिघींत दोन बोटे डिझेल आणि चौथी गळ्यापर्यंत भरली, तर अपराधी सापडला. चारही इंजेक्टर बदलण्याची आवश्यकता नाही. ही चाचणी जो दुरुस्तीदार आपल्यासमोर करून दाखवितो, त्याने बिल चार पैसे अधिक लावले तरी द्यावे.

चारही बाटल्यांत योग्य तेवढेच आले, डिझेल बुडबुड्यांवाचून भरपूर येते, सेन्सर खरा आहे, रेलवरील सुरक्षा झडप गळत नाही, पंपावरील मोजणीची झडप अडकलेली नाही, आणि तरीही दाब चढत नाही, तर मग पंपाकडे बोट दाखवावे. त्याआधी फिल्टर कापून त्यातील डिझेल पांढऱ्या बशीत ओतून उन्हात धरावे. चांदीच्या वर्खासारखी चमक तरंगताना दिसली तर पंप आतून खरवडला जात आहे. ही बातमी खरोखर वाईट. तो चुरा रेलमध्ये आणि इंजेक्टरांतही गेलेला असतो. टाकी, नळ्या, रेल सर्व साफ केल्यावाचून नवा पंप बसविणे म्हणजे नवे पैसे जुन्या वाटेने घालविणे होय.

पंप असा का खरवडतो? त्यास वेगळे वंगण नसते; बहुतेक पंपांत डिझेल हेच त्याचे वंगण. त्यात पाणी आले, रॉकेलची भेसळ झाली, पंपावर चुकून पेट्रोल भरले गेले, किंवा टाकी कोरडी पडेपर्यंत गाडी पळविली, की पोलाद पोलादावर घासते. भारत स्टेज सहाच्या डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत दहा भागांपर्यंतच ठेवावे लागते; पूर्वीच्या भारत स्टेज चारमध्ये ते पन्नासपर्यंत चाले. गंधक काढताना डिझेलचा नैसर्गिक स्निग्धपणाही कमी होतो, म्हणून तेलशुद्धीकरण कारखाने त्यात वेगळी द्रव्ये मिसळून ती उणीव भरून काढतात. रॉकेल मिसळणारा ती भरपाई करीत नाही. आमचे जुने दट्ट्याचे पंप असले अत्याचार वर्षानुवर्षे सोशीत. नव्या रचनेत ती सोशिकता नाही. फिल्टरच्या तळाशी पाणी सोडण्याचा स्क्रू असतो; आपल्यापैकी किती चालकांनी तो एकदा तरी फिरविला आहे? हात वर करा म्हटले असते, पण संमेलनात कोणास लाजविणे बरे नव्हे.

आता बोटाची हकीकत. माझ्याकडे एक होतकरू मुलगा शिकत होता. जुन्या कारागिरांना नट सैल करताना त्याने पाहिले होते. एके दिवशी कॉमन रेलच्या गाडीत डिझेलचा वास येतो म्हणून तो चालू इंजिनावर पाइपाच्या कडेने बोट फिरवीत गळती शोधू लागला. डाव्या तर्जनीवर सुई टोचल्याएवढी खूण उमटली. रक्ताचा थेंबही नाही. तो हसला, कपड्याला बोट पुसले, कामास लागला. संध्याकाळपर्यंत बोट वांग्यासारखे सुजले आणि काळे पडू लागले. त्या दाबाची धार कातडी भेदून आत जाते, डिझेल स्नायूंच्या कडेने पसरते आणि आतून मांस मारीत जाते. शस्त्रक्रिया झाली, बोट वाचले, पेर गेले. त्याच दिवशी दुपारी गेलो असतो तर कदाचित तेही वाचते.

म्हणून कॉमन रेलच्या गाडीत इंजिन चालू असता दाबाच्या पाइपाचा नट कदापि सैल करू नये आणि गळती हाताने शोधू नये. पुठ्ठ्याचा तुकडा दूर धरून पाहावे. इंजिन बंद केल्यावरही थोडा वेळ थांबून, स्कॅनरवर दाब उतरल्याची खात्री करून मगच पाना लावावा. आणि धार लागलीच, तर जखम कितीही क्षुद्र दिसो, तडक शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे आणि डॉक्टरांना ‘दाबाचे डिझेल आत गेले आहे’ असे स्पष्ट शब्दांत सांगावे. नुसते टोचले म्हणून सांगितल्यास धनुर्वाताची सुई देऊन परत पाठविले जाण्याचा संभव असतो.

माझा तो विद्यार्थी आज स्वतःचे दुकान चालवितो आणि येथे मंडपात बसला आहे. त्याची अनुमती घेऊनच हे सांगितले.

अध्यक्षमहाशयांनी घड्याळाकडे दोनदा पाहिले आहे. चार बाटल्या, पारदर्शक नळी आणि पाच लिटरचा तो डबा मी बरोबर आणला आहे. माझी गाडी मंडपामागे चिंचेखाली उभी आहे. ज्यांना चाचणी प्रत्यक्ष पाहावयाची असेल त्यांनी भोजनोत्तर तेथे यावे. ज्यांच्या गाड्या घाटात दम टाकीत असतील त्यांनी गाडीसुद्धा आणावी. फक्त पंगतीत माझ्या शेजारी बसून, “दादा, काय झाले असेल हो?” असे मात्र विचारू नये.